म्युलर आडनावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन शिकायला लागलं की पहिल्या दोन-चार धड्यांतच कुणी तरी ‘हेर म्युलर’, म्हणजे श्रीयुत म्युलर, भेटतात. पुढे नोकरीसाठी जर्मनीला गेलं की घरमालक, शेजारी, दाताचा डॉक्टर यांपैकी एक तरी म्युलर निघतो. मग साहजिकच प्रश्न पडतात: हे सगळे एकमेकांचे कोण? आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनातले म्युलर यांच्यातलेच का? आणि अमेरिकेतले मिलर?

म्युलर म्हणजे नक्की काय?

गिरणीवाला. विजेच्या गिरणीचा नव्हे, पाणचक्कीचा. लॅटिनमध्ये पाणचक्कीला ‘मोलिना’ म्हणत आणि ती चालवणाऱ्याला ‘मोलिनारियुस’. पाणचक्कीचं तंत्र रोमन लोकांबरोबर आल्प्सच्या उत्तरेला गेलं आणि शब्दही सोबत गेला. जुन्या जर्मन भाषेत त्याचं ‘मुलिनारी’ झालं, मध्ययुगात ‘म्युलनर’, आणि पुढे मधला ‘न’ गळून ‘म्युलर’.

उच्चार कसा करायचा?

ओठ ‘ऊ’ म्हणताना असतात तसे गोल ठेवायचे आणि तोंडात जीभ ‘ई’ची ठेवायची. जो स्वर निघेल तो जर्मन लिपीत यू या अक्षरावर दोन टिंबं देऊन लिहितात. मराठीत ‘म्युलर’ लिहिलं की पुरेसं जवळ जातं. शेवटचा ‘र’ जर्मन माणूस जवळजवळ गिळतो.

जर्मनीत एवढे म्युलर का आहेत?

मध्ययुगात जिथे म्हणून वस्ती आणि वाहतं पाणी होतं तिथे पाणचक्की होती, आणि बहुतेक ठिकाणी ती एकच असायची. ही एकच असणं महत्त्वाचं आहे. चक्की बांधायला बंधारा हवा, पाट हवा, लाकडी चाक आणि दळायचे मोठे दगड हवेत. हा खर्च शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. तो जमीनदार, सरदार किंवा मठ करत असे आणि तो वसूल करण्यासाठी आसपासच्या गावांवर सक्ती लादत असे: दळण याच चक्कीवर आणायचं. काही मुलखांत घरगुती जात्यांवरही बंदी होती. प्रशिया या मोठ्या जर्मन राज्यात ही सक्ती १८१० मध्ये उठली, म्हणजे कित्येक पिढ्या माणसं ठरलेल्या एकाच म्युलरकडे धान्याचं पोतं घेऊन जात राहिली.

म्युलर पैसे घेत नसे. दळणातलाच ठरावीक वाटा मापून काढून घेत असे. त्यामुळे त्याच्या मापाबद्दल गावात कायम कुरबुर असे. त्यातच चक्की बहुधा गावाबाहेर ओढ्याकाठी असल्यामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा, पण थोडा परकाही होता. काही भागांत त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघटनांत प्रवेश नाकारला जाई. शेवटी १५४८ च्या पवित्र रोमन साम्राज्याच्या फर्मानात विणकर, न्हावी, मेंढपाळ यांच्याबरोबर म्युलरांचंही नाव घालून सांगावं लागलं की यांच्या मुलांना अडवू नका. आज इतकं साधं वाटणारं हे आडनाव एके काळी संशयाचं ओझं वाहत होतं, याची मला नेहमी हळहळ वाटते.

चक्कीवर नंबर लागत. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आइके फॉन रेप्गोव यानं सॅक्सन प्रदेशाचा रूढ कायदा लिहून काढला. त्यात नियम आहे की जो चक्कीवर आधी येईल, तो आधी दळेल. जर्मन लोक ही म्हण आजही रोज वापरतात.

तर गावात सुतार दोन असतील, शिंपी तीन असतील. ‘म्युलर’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यासमोर येई. ओळख पटवण्यासाठी याहून सोयीचं नाव नाही. गावोगावी ते असंच पडलं.

मराठीत अशा अर्थाचं आडनाव का नाही?

सुतार, लोहार, तेली, कुंभार ही पेशावरून आलेली आडनावं आपल्याकडे भरपूर आहेत. पण बारा बलुतेदारांच्या यादीत दळणारा नाही. दळण घरोघरी होतं, पहाटे जात्यावर, आणि ते बायका करत. ज्या कामासाठी गावाला वेगळा माणूस लागला नाही आणि जे काम बायकांच्या वाट्याला होतं, त्यावरून घराण्याचं नाव पडणार कसं? छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की प्रसिद्ध आहे, पण ती प्रसिद्ध आहे हेच ती दुर्मीळ असल्याचं लक्षण.

सगळे म्युलर एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहेत का?

मुळीच नाहीत. हे आडनाव एकदा जन्मून पसरलेलं नाही. ते शेकडो गावांत स्वतंत्रपणे जन्मलं. दोन जोशी भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं आपण धरत नाही, तसंच इथे. शेजारच्या दोन खोऱ्यांतल्या म्युलरांचाही संबंध नसू शकतो. उलट एकाच बापाची दोन मुलं दोन वेगळ्या आडनावांनी नोंदलेली सापडतात, कारण धाकट्यानं दुसरा धंदा धरला.

‘म्युलर घराण्याचं राजचिन्ह’ म्हणून चौकटीत घालून विकतात, त्याला काही अर्थ नाही. चिन्ह असलंच तर एखाद्या विशिष्ट म्युलर कुटुंबाचं असेल. आडनावाला चिन्ह नसतं.

आडनावं पक्की कधी झाली?

एका दिवशी नव्हे. बाराव्या शतकात र्‍हाइन नदीकाठच्या आणि दक्षिणेकडच्या शहरांत वंशपरंपरेनं चालणारी आडनावं दिसू लागतात. कोलोन आणि बाझेल ही त्यातली आघाडीची शहरं. तिथून ही पद्धत उत्तरेला आणि पूर्वेला, शहरांतून खेड्यांत सरकत गेली. वायव्येच्या फ्रीसलंड भागात बापाचं नाव लावण्याची चाल इतकी घट्ट होती की नेपोलियनच्या काळात, १८११ साली, हुकूम काढून कायमची आडनावं घ्यायला लावली.

स्पेलिंग तर त्याहून उशिरा स्थिरावलं. तोवर पाद्र्यानं कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचं अशीच रीत होती. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी प्रशियात १८७४ मध्ये आणि सबंध जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. त्या वहीत ज्या अक्षरांत नाव उतरलं, तेच कायम झालं.

म्योलर, मिलर, म्युलनर ही वेगळी आडनावं आहेत का?

अर्थ एकच, प्रदेश वेगळे. नकाशावर बोट ठेवत वाचलं तर मजा येते.

उत्तरेकडच्या सखल मुलखातल्या बोलीत चक्कीचा उच्चार वेगळा, म्हणून तिथे म्योलर. तेच सीमेपलीकडे डेन्मार्कमध्ये मिळतं. जहाज कंपनी मेर्स्कच्या मूळ नावातले ‘ए. पी. म्योलर’ त्यातलेच. नेदरलँड्समध्ये मुल्डर आणि मोलेनार. दक्षिणेला बव्हेरिया आणि श्वाबियाच्या बोलींत ओठांचा गोलावा जातो आणि ‘म्यु’चा ‘मि’ होतो, म्हणून तिथे अस्सल जर्मन मिलर आहेत. म्युनिकचं जगप्रसिद्ध डॉइचेस म्युझियम स्थापणारे ऑस्कर फॉन मिलर (१८५५–१९३४) हे त्याचं उत्तम उदाहरण. मिलर दिसला की इंग्रज समजायचं, ही घाई त्यामुळे करू नये. ऑस्ट्रिया-बव्हेरियात म्युलनर हे रूपही टिकलं. त्यात मध्ययुगातला तो गळालेला ‘न’ अजून आहे.

जर्मन भाषेबाहेर फ्रेंच म्युनिए, इटालियन मोलिनारी, हंगेरियन मोलनार ही त्याच धंद्याची आडनावं आहेत, पण म्हणून ती म्युलरची रूपं ठरत नाहीत. त्या त्या भाषेत ती आपापली घडली.

ओबरम्युलर, नॉयम्युलर, लोम्युलर वगैरे?

एका ओढ्यावर दोन चक्क्या असल्या की फरक दाखवावा लागे. वरच्या अंगाचा तो ओबरम्युलर, खालच्या अंगाचा नीडरम्युलर, नव्या चक्कीचा नॉयम्युलर. विंडम्युलरकडे पवनचक्की. लोम्युलर धान्य दळतच नसे. तो चामडं कमावण्यासाठी लागणारी ओकची साल कुटायचा. आणि सेगम्युलरच्या चाकावर करवत चाले, लाकूड कापायला. पाण्याच्या जोरावर काय काय कामं होत होती, याची यादीच या आडनावांत सापडते.

मोलिटोर हे आडनाव याच्याशी संबंधित आहे का?

हो. पंधराव्या-सोळाव्या शतकात शिकलेल्या माणसांनी आपली आडनावं लॅटिन करून घेण्याची पद्धत होती. म्युलरचं मोलिटोर झालं. काहींनी धंदा सोडून गावाचा आधार घेतला: खगोलशास्त्रज्ञ योहानेस म्युलर (१४३६–१४७६) जगाला रेगिओमोंटानुस म्हणून माहीत आहे, कारण त्याचं गाव क्योनिग्जबेर्ग, म्हणजे राजाचा डोंगर. हे पूर्व प्रशियातलं मोठं क्योनिग्जबेर्ग नव्हे, फ्रँकोनियातलं छोटं गाव.

जर्मनीत आज किती म्युलर आहेत आणि कुठे?

आडनावांच्या संशोधनासाठी जर्मनीत २००५ सालच्या घरगुती टेलिफोनच्या नोंदी वापरल्या गेल्या. मोबाइलनं सगळं विस्कळीत करण्याआधीचा तो चांगला साठा होता. त्यात म्युलर नावाच्या अडीच लाखांहून अधिक नोंदी होत्या. एका जोडणीमागे पावणेतीन माणसं धरली तर सात लाखांच्या आसपास म्युलर होतात. दुसरा क्रमांक श्मिटचा, म्हणजे लोहाराचा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. श्मिट, श्मिड, श्मिट्स अशी लोहाराची नावं वेगवेगळ्या स्पेलिंगांत विखुरली आहेत. ती एकत्र मोजली तर पारडं लोहाराकडे झुकतं. म्युलरचा पहिला नंबर त्याच्या स्पेलिंगच्या एकसारखेपणामुळेही आहे.

सर्वत्र सापडत असलं तरी नैर्ऋत्येला, झारलंडसारख्या भागात ते जास्त दाट आहे. वायव्येला मायर पुढे जातो. स्वित्झर्लंडमध्येही म्युलर पहिलाच. ऑस्ट्रियात मात्र ग्रुबर.

जर्मनीबाहेर युरोपात हे आडनाव कसं गेलं?

काही ठिकाणी माणसं गेली, काही ठिकाणी सीमाच हलली. आल्सास प्रांत जर्मन बोलणारा, पण फ्रान्सच्या ताब्यात. तिथल्या कागदपत्रांत दोन टिंबं गळाली आणि मुलर झालं. लक्झेंबर्गमध्येही मुलर हे अगदी नेहमीचं आडनाव.

पूर्वेकडे गेले ते वसाहत करायला. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजवटीनं डॅन्यूबच्या खोऱ्यात जर्मन शेतकरी नेऊन वसवले. तिथल्या बानाट भागात, आजच्या रुमेनियात, १९५३ साली जन्मलेल्या हेर्टा म्युलर यांना २००९ चं साहित्याचं नोबेल मिळालं. रशियात सम्राज्ञी कॅथरीननं १७६३ मध्ये जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना बोलावलं आणि व्होल्गाकाठी जर्मन वस्त्या झाल्या. त्याच्याही आधी वेस्टफालियातल्या हेरफोर्डचा गेरहार्ड फ्रीडरिश म्युलर (१७०५–१७८३) सेंट पीटर्सबर्गला जाऊन सायबेरियाचा इतिहासकार झाला होता. रशियन लोक त्याला फ्योदोर इव्हानोविच मिलर म्हणत.

अमेरिकेतले मिलर मूळचे म्युलर आहेत का?

बरेच आहेत, सगळे नाहीत. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत मिलर सातव्या क्रमांकावर होतं, ११,६१,४३७ माणसं. त्यात इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेले मिलर आहेत, म्युलरचे मिलर झालेले आहेत, आणि दुसऱ्याच भाषेतलं गिरणीवाल्याचं नाव सोयीसाठी बदलून घेतलेलेही आहेत. आमिश पंथात मिलर हे फार मोठ्या प्रमाणावर सापडणारं आडनाव आहे, आणि तिथे ते नक्की जर्मन भाषक मुळाचं. मिलवॉकीचे बिअर उत्पादक फ्रेडरिक मिलर हे दक्षिण जर्मनीतल्या रीडलिंगेनचे, जन्मनाव म्युलर. १८५५ मध्ये त्यांनी मिलवॉकीतली दारूभट्टी विकत घेतली.

‘एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्कजवळ स्थलांतरितांना तपासून आत घेत त्या बेटावरच्या, अधिकाऱ्यानं नाव बदललं’ ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक कुटुंबात सांगतात. तसं होत नव्हतं. तिथले कारकून स्वतः नवी यादी करत नव्हते. जहाज सुटण्याच्या बंदरावर केलेल्या यादीवरून ते माणसं तपासत. शिवाय एलिस बेट उघडलं १८९२ मध्ये आणि जर्मन कुटुंबं पेन्सिल्वेनियात सतराव्या शतकाच्या अखेरपासून येत होती. नाव बदललं ते हळूहळू, शाळेत, दुकानात, जमिनीच्या खरेदीखतावर, बहुतेक वेळा स्वतःच्या मर्जीनं. पहिल्या महायुद्धात जर्मन वाटणाऱ्या सगळ्याच गोष्टींबद्दल राग उसळला तेव्हा या बदलाला वेग आला. ज्यांना मूळ अक्षरं सोडवली नाहीत त्यांनी टिंबांऐवजी यू-नंतर ई घातला.

मुलर हे तिसरं रूपही तिथे आहे. क्ष-किरणांनी जनुकांत बदल होतात हे दाखवून १९४६ चं नोबेल मिळवणारे हेर्मन जोसेफ मुलर त्यातले. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून १९४८ चं नोबेल घेणारे पाउल म्युलर स्विस. दोन वर्षांच्या अंतरानं एकाच विषयाचं नोबेल, नावात टिंबांचाच फरक, आणि नातं काही नाही!

आणि दक्षिण अमेरिका?

ब्राझीलच्या दक्षिणेला, विशेषतः सांता कातारिना राज्यात, एकोणिसाव्या शतकात जर्मन वस्त्या झाल्या. ब्लुमेनाऊला स्थायिक झालेले निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर (१८२२–१८९७) यांचं नाव जीवशास्त्रात कायम राहिलं: दोन विषारी फुलपाखरं एकमेकांसारखी दिसून दोघांचाही बचाव होतो, त्या प्रकाराला म्युलेरियन अनुकरण म्हणतात. त्याच राज्यात राजकारणी लाउरो म्युलर यांच्या नावाचं शहर आहे.

ज्यू कुटुंबांतही म्युलर आढळतं का?

आढळतं. हाब्सबुर्ग मुलखात १७८७ आणि प्रशियात १८१२ च्या हुकमांनी ज्यूंना कायमची आडनावं घ्यावी लागली; काहींनी म्युलर घेतलं. नावावरून धर्म ओळखता येत नाही.

मॅक्स म्युलर यांचं आडनाव ‘मॅक्स म्युलर’ की नुसतं ‘म्युलर’?

जन्मानं म्युलर. ६ डिसेंबर १८२३ ला देसाऊ शहरात जन्म, वडील कवी विल्हेल्म म्युलर, ज्यांच्या कवितांना संगीतकार शुबर्टनं चाली दिल्या. मुलाचं नाव फ्रीडरिश मॅक्स. इंग्लंडमध्ये नाव होऊ लागलं तेव्हा नुसतं म्युलर फारच सर्रास आहे, त्यात आपण हरवून जाऊ, असं वाटून त्यांनी मॅक्स हे नाव आडनावालाच जोडून घेतलं. आपण मराठीत ‘मॅक्सम्युलर’ असं एका दमात म्हणतो, ते त्यांना हवं होतं तसंच आहे.

सायणभाष्यासह ऋग्वेदाची त्यांची आवृत्ती १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत निघाली. तिच्या संस्कृत मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचं नाव ‘भट्ट मोक्षमूलर’ असं घातलं. पाणचक्कीवाल्याचं आडनाव मोक्षाच्या मुळाशी नेऊन ठेवलं! नावांच्या इतक्या प्रवासांत मला हा सगळ्यांत लोभस वाटतो. भारतात मात्र ते कधीच आले नाहीत.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा लोकमान्यांमुळे. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. मॅक्सम्युलरांनी तुरुंगात त्यांच्यासाठी ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती पाठवली आणि सुटकेच्या अर्जावर सहीही केली. सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीआधी, टिळक सुटले. पुण्या-मुंबईतल्या जर्मन सांस्कृतिक केंद्रांना, जी इतर देशांत ग्योथं इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जातात, भारतात मॅक्स म्युलर भवन म्हणतात ते या माणसाच्या स्मरणार्थ.

इतकं सर्रास आडनाव असताना लोक गोंधळ कसा टाळतात?

पूर्वी गावाचं किंवा मतदारसंघाचं नाव जोडत. १९२० मध्ये आणि पुन्हा १९२८ ते १९३० मध्ये चान्सलर असलेले हेर्मन म्युलर, संसदेतल्या इतर म्युलरांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून, ‘म्युलर-फ्रांकेन’ म्हणवले जात. जर्मनीत आडनाव बदलणं अवघड आहे, सबळ कारण दाखवावं लागतं. पण नाव इतकं सर्रास असणं की त्यानं माणूस ओळखूच येत नाही, हे कारण ग्राह्य धरलं जातं. लग्नानंतर जोडनाव घेण्याचा मार्ग आहेच, आणि १ मे २०२५ पासून नवरा-बायको दोघांनाही एकच जोडनाव लावता येतं.

दोन टिंबं कळफलकावर नसतील तर काय लिहायचं?

यू-नंतर ई. नुसता यू लिहू नका. जर्मन डोळ्याला ते दुसरं आडनाव दिसतं. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, त्यात ते यू-ई असंच छापलेलं असतं. वर टिंबं आणि खाली ई, हे पाहून घाबरू नये. नाव एकच आहे. भाडेकरार, बँक, विमानाचं तिकीट यांत मात्र एकच रूप सगळीकडे ठेवलेलं बरं.

पूर्वज म्युलर असतील तर शोध कुठून सुरू करावा?

गावापासून. नुसत्या आडनावानं शोध घेतलात तर लाखो नोंदींत बुडाल. गाव कळलं की तिथल्या चर्चच्या वह्या पाहायच्या; त्या पुष्कळ ठिकाणी सोळाव्या-सतराव्या शतकापासून आहेत, जरी तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) बऱ्याच जळाल्या.

वही उघडल्यावर तीन गोष्टी अडवतात. कॅथलिक पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, म्हणून म्युलरच्या जागी मोलिटोर दिसतो. बाईचं आडनाव ‘म्युलरिन’ लिहिलेलं असतं. ते वेगळं नाव नाही, फक्त स्त्रीलिंगी शेपूट. आणि जुन्या वळणदार जर्मन लिपीत ‘उ’ आणि ‘न’ हुबेहूब सारखे, दोन तिरक्या रेघा. म्हणून ‘उ’च्या डोक्यावर छोटी कमान काढत. लेखणी घाईत असली की कमान आणि दोन टिंबं यांत फरक राहत नाही, आणि नंतर सूची करणारा म्योलर किंवा मुलर वाचतो. म्हणून सगळी रूपं शोधून पाहावीत.

पूर्वज आडनावानंच नव्हे तर धंद्यानंही म्युलर असेल, तर चर्चपलीकडे जा. चक्कीचे भाडेकरार आणि बंधाऱ्याच्या पाण्यावरून वरच्या-खालच्या गावांशी झालेले दावे जमीनदारांच्या आणि मठांच्या दप्तरात राहिले, आणि ती दप्तरं आज राज्यांच्या अभिलेखागारांत आहेत. दुसरी सवय अशी लावून घ्या की लग्नाची नोंद त्याच गावात सापडली नाही, तर शेजारच्या गावाऐवजी शेजारच्या चक्कीवर शोधायची. चक्कीवाल्यांच्या मुली बहुधा चक्कीवाल्यांच्याच घरी दिल्या जात, मग ती चक्की दोन खोरी पलीकडे का असेना.